मोबाईल एक, शिकणारी चार



मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा आपल्याकडे जोडीनेच येतात. त्यामुळे घरातल्या पैशालाही जूनमध्ये दोन्हीकडून ओढ लागते. एकीकडे कपाशीचे बियाणे, मका, तूर, खताच्या गोण्या. दुसरीकडे वह्या, दप्तर, वरच्या वर्गातल्या मुलाचा एस.टी.चा पास. गेल्या काही वर्षांत या यादीत मोबाईलची भर पडली आहे. "सगळ्यांजवळ आहे, मलाच नाही," असे पोरगा म्हणतो. आई म्हणते, "अभ्यासाला पाहिजे म्हणतोय, तर घेऊन द्या." बाप काही बोलत नाही, त्याच्या मनात खताच्या दुसऱ्या हप्त्याचा हिशेब चाललेला असतो. धाकटी मुलगी दाराशी उभी राहून हे सारे ऐकत असते. तिच्यासाठी काही घ्यायचे का, हा प्रश्न मात्र अजून कोणी काढलेलाच नसतो.

आजचे पान याच विषयावर. मुलांचे शिक्षण हा काही शेती खात्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण नवे यंत्र गावात आले म्हणजे ते कोणाच्या कामी आले, कोणाच्या नाही आणि का, हे पाहण्यातच आम्हा विस्तार कार्यकर्त्यांचा जन्म गेला आहे. पेरणी यंत्र चांगले असते, पण दात्यांतले अंतर न बघता चालवले तर विरळणी करता करता घरच्या बायकांच्या कंबरेचा काटा ढिला होतो. शिकण्याच्या यंत्रांचेही तसेच आहे. ती आपल्या राज्यात आजच आली आहेत असेही नाही.

सुमारे ७० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात श्रोत्यांचे एक मंडळ उभे केले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तासाचे असे २० कार्यक्रम लावले. विषय शेती, आरोग्य आणि गावगाड्याचे. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, तो संपला की त्यावर बोलायचे, आणि जमेल ते गावात करून पाहायचे, अशी रीत होती.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिने तुलनेसाठी आणखीही गावे घेतली होती. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काही गावांत रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांतल्या लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत ती जवळजवळ होती तिथेच राहिली, मग रेडिओ असो वा नसो. रेडिओ दोन्हीकडे तोच होता, आवाजही तोच होता. फरक होता तो ऐकून झाल्यावर चार माणसे बोलत बसण्याचा.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे आपल्याकडे कृषी विभागाने शेतीशाळा सुरू केल्या, त्यांचेही सूत्र हेच आहे. कपाशीच्या शेतीशाळेत आम्ही भाषण कमी करतो. शेतकऱ्यांना वावरात नेतो, कामगंध सापळ्यातले पतंग मोजायला लावतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले तर काय करायचे, हे त्यांच्यातच बोलायला लावतो. ज्याने स्वतः मोजले तो पुढच्या वर्षी कोणाला विचारायला येत नाही.

आता शाळेकडे वळू. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, की बाबांनो, परदेशी भाषा शिकायची तर कोणती शिकाल? मुलांना यंत्रमानवाचे, म्हणजे रोबोचे वेड होते. रोबो बनवणारा देश जपान, म्हणून त्यांनी जपानी भाषा निवडली! गावाचा रस्ता धड नव्हता, पण इंटरनेट पोचले होते. जपानी शिकवायला माणूस नव्हता आणि पुस्तकही नव्हते. शिक्षकांनी इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराची साधने शोधून सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका भाषातज्ज्ञाला हे कळले, आणि २०२० साली टाळेबंदीच्या काळात त्यांनी स्वतःहून मुलांचे तास घेणे सुरू केले. ते शहरातून बोलत आणि मुले गावातून ऐकत. साडेतीनशेच्या आसपास पटाच्या त्या शाळेतली सत्तरेक मुले जपानी शिकू लागली आणि आपसात जपानी वाक्ये बोलू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्याची दखल घेतली.

यात नवल जपानी भाषेचे आहेच, पण माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेले. त्या गावात सगळ्याच मुलांच्या घरी मोबाईल नव्हता. मग शाळेने 'विषयमित्र' नावाची सोय केली. ज्या मुलाने तास ऐकला त्याने, ज्याच्याकडे मोबाईल नाही त्या मुलाला तो समजावून सांगायचा. म्हणजे १९५६ चे श्रोतेमंडळच पुन्हा भरले म्हणायचे. यात मोबाईल नसलेल्या मुलाचे भले झाले हे कोणालाही दिसेल. पण मोबाईल असलेल्या मुलाचेही तितकेच झाले असणार, कारण आपल्याला दुसऱ्याला समजावून सांगायचे आहे हे माहीत असले म्हणजे माणूस कान देऊन ऐकतो.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. मुली शाळेत फारशा येत नसत, आणि ज्या येत त्यांतल्या बऱ्याच जणींची घरची भाषा कानडी होती, पुस्तक मात्र वेगळ्या भाषेत. डिसले यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, धडे मुलींच्या बोलीत आणले, आणि मग पुस्तकाच्या पानावर काळ्या ठिपक्यांचा तो चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, छापला. त्यावर मोबाईल धरला की गोष्ट ऐकू येई, कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०१७ मध्ये राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांसाठी हीच पद्धत स्वीकारली, आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

लोकांच्या लक्षात डॉलर राहतात, क्यूआर कोड राहतो. पण क्रम पाहा. आधी शिक्षकाने मुलांची भाषा समजून घेतली, मग यंत्र आणले. जमिनीची परीक्षा आधी, खत नंतर, हे आपण एकमेकांना नेहमी सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरे उदाहरण तर मोबाईलवाचूनचे आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा सोलापूर शहराच्या नीलमनगर भागात कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या बऱ्याच घरी स्मार्टफोन नव्हते. तिथल्या शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. बाराखडी, पाढे, सूत्रे, व्याकरण, सारे भिंतीवर. येता-जाता मुले थांबून वाचू लागली. रंगाचा डबा आणि भिंत हेही शिकवण्याचे साधनच आहे, आणि त्याला ना चार्जिंग लागते, ना रिचार्ज.

आता आपल्या घरात काय चालले आहे ते पाहू. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन तयार होतो. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना मोबाईलविषयी विचारले होते. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्या तरी कामासाठी वापरला होता, आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे मोबाईल हातात आला की अभ्यास आपोआप होतो, हे काही खरे नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही म्हटले आहे, की मोबाईल नुसता जवळ असला तरी मुलांचे लक्ष उडते आणि शिकण्यावर परिणाम होतो, असे १४ देशांत दिसून आले.

त्याच 'असर' अहवालात आणखी एक आकडा आहे, तो आईबापांनी नीट वाचावा. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशा मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते, मुली २७ टक्के. घरात एकच मोबाईल असेल तर तो सकाळी घरधन्याबरोबर वावरात किंवा बाजार समितीत जातो. संध्याकाळी परत आला की थोरल्याच्या हातात जातो. मुलगी भाकरी थापून, भांडी घासून मोकळी होईपर्यंत त्याची बॅटरी संपलेली असते. तिच्या पुस्तकावरही तोच चौकोन छापलेला आहे, तिच्या धड्यातही तीच चित्रफीत आहे. तिच्यापर्यंत ती पोचत नाही एवढेच. मोबाईल घ्यावा की न घ्यावा यापेक्षा घरात आहे तो कोणाच्या वाट्याला किती येतो, हा मला मोठा प्रश्न वाटतो. एका घरात एका मुलाला दूध आणि दुसऱ्याला ताक, असे आपण करीत नाही. मग इथे का होते?

यावर उपाय खर्चाचा नाही. पुढील गोष्टी घरी आणि वस्तीवर करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, शिकणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक मोबाईल घेण्याची गरज नाही. वस्तीवरची एकाच वर्गातली तीन-चार मुले संध्याकाळी एका ओसरीवर बसवा. मोबाईल मध्ये ठेवा. एक धडा पाहून झाला की मोबाईल पालथा घाला आणि प्रत्येकाला आपल्या शब्दांत तो सांगायला लावा. आपली शाळा न झालेली आजीही हे काम करू शकते. तिने फक्त विचारायचे, "काय दाखवलं रे त्यात? मला सांग बरं." मुलाला सांगता आले तर तो शिकला, नाही आले तर पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट, वेळ ठरवून द्या, आणि त्यात मुलीची वेळ आधी ठेवा. दिवेलागणीनंतरचा अर्धा तास तिचा, असे एकदा ठरले की त्या वेळी घरधन्यानेही फोन मागू नये. तेवढा वेळ चुलीजवळचे काम भावाने सांभाळले तर आभाळ कोसळत नाही.

तिसरी गोष्ट, पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड 'दीक्षा' नावाच्या सरकारी ॲपमधून उघडतो. ते २०१७ पासून चालू आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. वस्तीवर रेंज नसेल तर ज्या ठिकाणी रेंज मिळते तिथे धडे उतरवून घ्यावेत. मग ते इंटरनेटशिवायही पाहता येतात. आठवडी बाजाराला गेलेल्या माणसाने भाजीबरोबर आठवड्याचे धडेही घेऊन यावेत.

चौथी गोष्ट, मुलाला मोबाईल देताना त्याच्याबरोबर एखादा प्रश्नही द्या. मनात प्रश्न नसला म्हणजे बोट आपोआप भलतीकडे सरकते. आणि शेतकऱ्याच्या घरात प्रश्नांना काय तोटा? नमुन्यादाखल एक सांगतो. या पावसाळ्यात पोरांना पर्जन्यमापक बनवायला लावा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून उलटा तोंडावर बसवावा, म्हणजे चाडे तयार होते. तळाचा उंचसखल भाग पाणी घालून सपाट करावा आणि तिथे शून्याची खूण करावी. वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. बाटली झाडा-भिंतीपासून लांब, उघड्यावर, विटांच्या आधाराने उभी करावी. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहावे आणि बाटली पुन्हा शून्यापर्यंत आणावी.

आता मोबाईल काढा. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर प्रत्येक महसूल मंडळाचा पाऊस दिसतो. आपल्या बाटलीतला आकडा आणि मंडळाचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. कधी जुळतील, कधी अजिबात जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर मुलांना बोलू द्या. मग गणित घाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तर १० मिलिमीटर पावसात एका एकरावर किती पाणी पडले? उत्तर येते ४०,४७० लिटर. यातले किती मुरले आणि किती बांध फोडून ओढ्याला गेले, हे विचारायला मुले मग आपल्याकडेच येतील. एका बाटलीत गणित, भूगोल, विज्ञान आणि घरची शेती सारेच आले. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा हिशेब याच मंडळाच्या हवामान केंद्रावरून होतो, म्हणून मोसंबी-डाळिंबाच्या बागाईतदारांनी तर मुलांच्या या वहीकडे मन लावून पाहावे.

पाचवी गोष्ट शाळेची. गेल्या काही वर्षांत गावोगावी लोकवर्गणीतून आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून शाळांना दूरदर्शन संच, प्रोजेक्टर, संगणक मिळाले. काही ठिकाणी ते रोज चालतात. काही ठिकाणी वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेली असते, आणि संच कपाटात, वर फुलाफुलांचे कापड. दोष एकट्या गुरुजींवर ढकलून चालणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. ही समिती म्हणजे आपणच. येत्या बैठकीला जावे आणि तीन प्रश्न विचारावेत. शाळेची वीज चालू आहे का? संच आठवड्यातून किती तास चालतो? आणि तो चालू असताना मुले नुसती बघत बसतात, की त्यावर बोलतात, लिहितात, करून पाहतात? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो विचारायला शिकलेले असावे लागत नाही.

गुरुजी-बाईंनाही एक विनंती. पडद्यावर बियाण्याचे अंकुरण दाखवावे, जरूर दाखवावे. दहा दिवसांचे काम दोन मिनिटांत दिसते. पण त्याच आठवड्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवले ते मुलांकडून मोजून घ्यावे. पेरणीआधी हीच उगवणशक्तीची चाचणी करा म्हणून आम्ही शेतकऱ्यांना कानीकपाळी ओरडून सांगतो. सोयाबीनचे शंभरातले सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरणीला योग्य, हे शाळेतून आलेल्या पोराने घरी सांगितले, तर आमच्या दहा सभांचे काम एका मुलाने केले असे होईल. त्यातून दुबार पेरणीचा खर्च वाचला, तर शाळेतले ते दोन मिनिटांचे चित्र कितीला पडले याचा हिशेब घरधन्याने स्वतःच करावा.

मोबाईल वाईट आहे असे मी म्हणत नाही. आज बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि कीड ओळखण्यासाठी मीही तोच वापरतो. पण उसनवारी करून, सोने गहाण टाकून मुलासाठी महागडा फोन घेण्याआधी घरातला जुना फोन मुलांच्या वाट्याला रोज किती वेळ येतो आणि त्या वेळात त्यांच्याजवळ कोण बसते, हे एकदा पाहावे. खताचा पैसा खतालाच राहू द्यावा. शाळेतल्या संचाची वीज चालू करून घ्यावी. आणि आज रात्री जेवणे झाली की धाकट्या मुलीला जवळ बोलावून विचारावे, "बाई, तुझ्या पुस्तकावरचा तो काळा चौकोन कधी उघडून पाहिलास का गं?"